म्हैस बघायला बीडला

गेवराईला आमच्या दारावरून रोज सकाळी म्हशींचा कळप जातो. जाताना दारात पोवटा टाकूनच जातो. असं असताना मी म्हैस बघायला गेवराईहून वडवणीला, वडवणीहून बीडला आणि तिथून मांजरसुंब्याला गेले, हे ऐकल्यावर शेजारच्या पार्वतीबाईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तिला नीट सांगायला गेले तर दूध उतू जायला लागलं म्हणून ती उठून पळाली. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं. शाळा माझी चौथीतच सुटली, पुढचं सगळं किराणाच्या पुड्यांचे कागद आणि पोरांची पुस्तकं वाचून शिकलेली आहे. चुकलं तर वाचताना दुरुस्त करून घ्या, मला सांगत बसू नका.

वडवणी

प्रवासाचं काय सांगायचं? बसले, झोपले, उतरले. मधी वाळूच्या ट्रकामागं थोडी धूळ खाल्ली. बीडला बस बदलली आणि वडवणीच्या वाटेला लागले तसा खिडकीतून डोंगर दिसायला लागला. आमच्याकडं गोदाकाठची जमीन, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो. वडवणीकडं पाय टाकला की दगड लागतो. माणसंही तशीच असतात असं मी म्हणत नाही, पण माझा भाऊ तसा आहे.

भाऊ म्हणजे भानू. गावात त्याला भानुदासराव म्हणतात. मिशी मोठी, बोलणं थोडं, आणि जे बोलला ते दगडावरची रेघ. त्याची बायको कमळ जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगी एकच, वैशाली. ती पुण्याला कॉम्प्युटरवर सिनेमे करणाऱ्या एका कंपनीत आहे. तिचाच मला फोन आला होता, "आत्या, तू आल्याशिवाय अप्पा थेटरात पाय ठेवणार न्हाईत."

भांडण असं होतं. वैशूला स्थळं येतात. पाहुणे चहा पितात आणि विचारतात, "मुलगी काय करते?" आणि इथं भानूची गाडी अडते. मुलगी नर्स आहे, मास्तरीण आहे, बँकेत आहे, असं एका शब्दात सांगता आलं असतं. पण ही काय करते, हे भानूला ठाऊकच नव्हतं. मागं तिनं आपलं काम म्हणून त्याच्या मोबाईलवर काहीतरी पाठवलं. एक म्हैस उभी आहे, कानावर माशी बसते, म्हैस कान झटकते. बस, एवढंच.

भानू म्हणाला, "यात तू काय केलंस?"

"अप्पा, ती म्हैस खरी न्हाई. ती कॉम्प्युटरवर केलीय. तो कान मी हलवलाय, मला महिना लागला."

"कान तिचा तीच हलवती. तुझा महिना कशात गेला?"

पोरगी दोन दिवस जेवली नाही म्हणे. मग दोघांत ठराव झाला. तिच्या कंपनीचा अख्खा सिनेमा बीडला लागलाय, तो भानूनं बघायचा. त्यात तिचं काम त्याला दिसलं, तर तिनं खुशाल पुण्याला राहावं. नाही दिसलं, तर राजीनामा टाकून वडवणीला यायचं. भानूच्या दोस्ताच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा होती, ती धरायची.

मी पोचले तर भानू म्हणाला, "आक्का, आलीस? गुडघा काय म्हणतोय? बस टायमावर व्हती का?" आमच्याकडं पाहुण्याला आधी पाणी, मग चौकशी. भानूकडं चौकशी पुरी झाली की पाणी.

स्वयंपाकघरात वैशू धपाटे थापत होती. तिच्या हाताखाली कापडावरचं धपाटं असं गोल सरकत होतं की मी म्हटलं, ह्या हातानं म्हशीचा कान नक्की हलला असणार. मी तिला विचारलं, "मला नीट सांग गं, म्हैस करता कशी?"

ती म्हणाली, "आत्या, आधी नुसतं अंग, मातीच्या बैलासारखं. मग आत हाडं बसवायची. मग हाडावर मांस, मांसावर कातडं. कातडं असं पायजे की माशी बसली तर तेवढीच जागा थरथरली पायजे. मग केस. मग अंगावरचा चिखल, ओला वेगळा, वाळलेला वेगळा. मग ऊन. उन्हाकडं म्हशीनं कान केला तर कान आतून लाल दिसतो, बघितलाय ना?"

बघितला होता. हजारदा बघितला असेल, पण बघितलाय हे तिनं विचारल्यावर कळलं.

"आणि ह्यातलं तू काय करती?"

"मी चालवते. म्हैस, माणूस, कोंबडी, जे वाट्याला येईल ते. वजन कुठल्या पायावर आहे, मान आधी वळते का डोळा आधी वळतो, ते सगळं माझं."

"मग उद्या अप्पाला दिसंल की."

तव्यावरचं करपलेलं धपाटं तिनं काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हीच तर गोची आहे, आत्या. माझं काम दिसलं म्हंजी चुकलं. दिसू नये म्हणून तर एवढा जीव काढतो आमी. अप्पांनी पैजच अशी लावलीय की मी चांगलं काम केलं तर हरते."

मी डोक्याला हात लावला. मी गोधड्या शिवते, माझा टाका वरून दिसत नाही याचा मला केवढा ताठा! पण गोधडी बघून कुणी असं म्हणत नाही की ही झाडाला लागली होती.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. भानू चरवी घेऊन गोठ्यात गेला आणि आतून कडी लावली. मी म्हटलं, "कावून रे? दार कावून लावतो?"

आतून आवाज आला, "नजर लागती म्हशीला."

आमच्या गेवराईला सगळे उघड्यावर धार काढतात, कुणाची म्हैस आटली नाही. पण ज्याचा त्याचा रिवाज. धार झाल्यावर मी रेडकाला बघायला आत डोकावले, तर खुंटीला कमळचं हिरवं पातळ टांगलेलं. म्हटलं, रेडकावर घालत असेल थंडीचं. बाईमाणूस नसलं की घराची अशी दशा होते. ते पातळ मी नीट घडी घालून ठेवायला गेले, तर भानू केवढ्यानं ओरडला, "आक्का, हात लावू नकु!" मला वाटलं, बायकोची आठवण. हात मागं घेतला.

बीड

दुसऱ्या दिवशी भानूनं असा फेटा बांधला की जणू मुलगी बघायला निघालाय. थेटरच्या दारात पहिला घोटाळा झाला. पहारेकऱ्यानं माझी पिशवी उघडली आणि धपाट्यांचा डबा बाहेर काढला.

"मावशी, बाहेरचं खाणं आत चालत न्हाई."

"बाहेरचं कुठंय? घरचं हाय," मी म्हटलं.

तो हसला पण डबा ठेवून घेतला. आत गेलो तर मक्याच्या लाह्या टोपलंभर विकत होते. आमच्याकडं लाह्या नागपंचमीला करतात आणि घरी आलेल्या पोरांना मूठ मूठ वाटतात. इथं लाह्या बापाच्या मांडीवर आणि पोरं रडतायत, असा प्रकार.

दुसरा घोटाळा भानूच्या फेट्याचा. मागून एक बाई म्हणाली, "दादा, डोंगर उतरवा की थोडा." भानूनं आयुष्यात चारचौघांत फेटा उतरवला नव्हता. बाईनं तीनदा सांगितल्यावर त्यानं तो मांडीवर घेतला आणि पोराला धरावं तसा दोन्ही हातांनी धरून बसला.

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही, फुकट जाहिरात कशाला? गोष्ट साधी होती. एक म्हातारा, त्याची एक म्हैस. म्हातारी वारते, म्हैस तिच्या शोधात निघते, म्हातारा म्हशीच्या मागं. सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, एकसुद्धा माणूस खरा नाही, झाड खरं नाही, पाणी खरं नाही.

पण काय सांगू बायांनो! म्हैस पाण्यातून वर आली. आधी नाक, मग पाठ. पाठीवरून पाणी ओघळलं आणि कण्याच्या खळग्यात थोडं थांबलं. ऊन लागलं तसा अंगावरचा चिखल पांढरा पडत गेला, आणि तिनं पाऊल टाकलं की खांद्यावर त्या चिखलाला बारीक तडे. रवंथ करताना जबडा तिरका फिरत होता, लाळेची तार लोंबली, वाऱ्यानं हलली, तुटली. मी पदरानं तोंड झाकून घेतलं, मला वासच आला.

वैशूनं माझा हात दाबला, "ती लाळ आमच्या एका पोराची आहे. दोन महिने लाळच करत होता." असं म्हणून ती अंधारात अप्पाकडं बघायला लागली.

अप्पा पुढं सरकून बसलेला. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "तिसऱ्या वेताची असंल. शिंगं बघा, गावरान हाय. पर पाळणारानं निगा लई राखल्याली हाय."

एका जागी म्हैस विहिरीच्या कडेला जाते, कडेची माती घसरते. भानू ताडकन उठला आणि भर थेटरात ओरडला, "हौऽऽ हौऽऽ! मागं फिर, ए गयबाने!" आणि गंमत सांगते, म्हैस मागं फिरली. सगळं थेटर टाळ्या वाजवायला लागलं. भानू बसला, फेटा खाली पडला होता तो उचलला, आणि आपल्यामुळंच फिरली असं तोंड करून इकडंतिकडं बघितलं.

मध्यंतरात वैशूनं भीत भीत विचारलं, "अप्पा, कसं वाटतंय?"

"झ्याक हाय. पर यात तू काय केलंस?"

"अप्पा, ती म्हैस..."

"म्हैस देवानं केली. कुणीतरी पाळली. फोटो काढणारानं फोटो काढला. तुझं कुठं काय दिसलं न्हाई मला." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "शाळेतली जागा चांगली हाय, पोरी. शाळेतनं घरी यायला सोपं पडंल."

वैशू हातातला चहा न पिता तसाच धरून बसली. मला इतका राग आला की मी भानूच्या हातातल्या लाह्या काढून घेतल्या.

मग सिनेमा पुढं सुरू झाला. म्हैस घरी येते, पण पान्हा सोडत नाही. कास तटतटली आहे, रेडकू रेकतंय, म्हातारा जवळ गेला की लाथ. म्हातारा गोठ्याचं दार लावतो. आतून कडी घालतो. आणि गाठोड्यातून म्हातारीचं लाल पातळ काढतो.

थेटरात हशा पिकायला लागला. म्हातारा धोतरावरच पातळ गुंडाळतो. निऱ्या काही जमत नाहीत, शेवटी बोळा करून खोचतो. पदर डोक्यावर घेतो. मिशी दिसते म्हणून पदराचा काठ दातात धरतो. म्हातारीच्या बांगड्या त्याच्या वाकड्या अंगठ्यावरून हातात जात नाहीत, तर त्या सुतळीत ओवून मनगटाला बांधतो. आणि लाजत लाजत, पाय जवळ जवळ टाकत, म्हशीच्या मांडीवर दोन थापा मारून खाली बसतो. मागची बाई हसून हसून खोकत होती. मी तर इतकी हसले की डोळ्यांतून पाणी. "अगं काय ध्यान हाय, काय ध्यान!" असं म्हणून मी भानूच्या मांडीवर थाप मारली.

भानू हसत नव्हता.

तो दगडासारखा बसला होता. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला आधी काही कळेना. मग दाराची कडी आठवली. खुंटीवरचं हिरवं पातळ आठवलं. माझं हसू जे अडकलं, ते उचकीच लागली.

पडद्यावर बांगड्या वाजल्या. म्हशीनं मान वळवली. आधी डोळा, मग कान, मग मान. पदराचा वास घेतला. म्हाताऱ्याच्या मिशीपर्यंत नाक आणलं आणि तशीच बघत राहिली. तिला कळलं होतं, हे थेटरातल्या पोरासोरांनाही कळलं. हशा एकदम बंद. मग म्हशीनं लांब श्वास सोडला, मान पुढं केली, आणि पान्हा सोडला. चरवीत पहिली धार वाजली. फेस वर आला. थेटरात नाकं ओढल्याचे आवाज आले, माझ्या उचकीसकट.

भानू एवढंच म्हणाला, अगदी हळू, "पातळ हिरवं व्हतं."

वैशू तितक्याच हळू म्हणाली, "कुणी वळखू नये म्हणून लाल केलं, अप्पा."

"तुला कसं ठावं?"

"पत्र्याला भोक होतं."

सिनेमा संपल्यावर लोक उठून गेले तरी भानू हलेना. पडद्यावर नावं सरकत होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. वैशूनं बोट दाखवेपर्यंत तिचं नाव वर निघून गेलं. भानूनं ते वाचलं की नाही, देव जाणे. फेटा बांधायला लागला तर त्याला तो नीट बांधताच येईना.

मांजरसुंबा

वैशूची पुण्याची बस मांजरसुंब्याला मिळणार होती. जीपमधून जाताना तिघंही गप्प. एरवी मी गप्प बसले तर लोक डॉक्टरला बोलावतात. पण बोलायचं काय? वैशूनं पुण्याला कामाला जायचं की राजीनामा टाकायला, हा निकाल भानूनं द्यायचा होता, आणि तो खिडकीबाहेर असा बघत होता की डोंगर त्यालाच मोजायला सांगितलाय.

वैशू माझ्या कानात म्हणाली, "आत्या, लई चुकलं का गं माझं? कंपनीत सगळ्यांनी विचारलं, म्हशीचं खरं काही ठाऊक असलं तर सांगा. मला तेवढंच ठाऊक होतं." खरंच आहे. पण बापाची लपवलेली गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राला दाखवली, आणि बाप मिशीवाला!

ढाब्यावर चहा आणि भजी सांगितली. शेजारच्या बाकड्यावर आमच्याच थेटरातले दोघं दोस्त बसलेले, एक जाड, एक बारीक. त्यांचं जोरात चाललं होतं.

जाडा म्हणाला, "येडा हायस का बे? त्यो म्हातारा खरा माणूस व्हता. नुसती म्हैस कॉम्प्युटरची."

बारका म्हणाला, "म्हैस खरी व्हती बे! म्हातारा कॉम्प्युटरचा. असा म्हातारा खऱ्यात असतोय का कुटं? लुगडं नेसून धार काढणारा?" आणि भानूचा फेटा बघून वळला, "काका, तुमी बी व्हता ना तिथं? तुमीच वराडलात म्हशीला. तुमी सांगा, म्हातारा खरा का कॉम्प्युटरचा?"

भानूनं बशीतला चहा संपवला. मिशी पुसली.

"खरा हाय," तो म्हणाला.

वैशूचा चेहरा उतरला. तिनं पिशवी उचलून खांद्याला लावली. जाडा बारक्याच्या पाठीत बुक्की घालणार, तेवढ्यात भानू म्हणाला, "खरा म्हातारा म्या हाय. सिनेमातला हिनं केला. माझी पोरगी हाय ही."

दोघं फिदीफिदी हसायला लागले. "काका, मस्करी करता काय!"

भानू उठला. माझ्या अंगावरची शाल त्यानं न विचारता ओढून घेतली. फेट्यावरूनच डोक्यावर घेतली. काठ दातात धरला. पाय जवळ जवळ टाकत दोन पावलं चालला, बाकड्याला दोन थापा मारल्या आणि खाली बसला. तेच खांदे, तोच वाकडा अंगठा, तीच लाज. बारक्याच्या हातातलं भजं चहात पडलं. भट्टीवरचा आचारी झारा तसाच धरून बाहेर आला.

जाडा मात्र वकिली डोक्याचा. म्हणाला, "बरं काका, मानलं. पर तुमीच जर असं करत व्हता, तर मग हिनं काय केलं?"

मी देवाचं नाव घेतलं. भानूचाच प्रश्न, फिरून भानूच्याच दारात आला होता.

भानूनं दातातला काठ सोडला. "म्या खरं पातळ नेसलो, खऱ्या बांगड्या बांधल्या, तरी मला एक म्हैस फसवता आली न्हाई. हिनं बसल्या जागी तुमाला दोघांला फसवलं, समदं थेटर फसवलं. म्या सोता विहिरीवरनं म्हैस हाकलली, ती बी हिचीच निघाली. आता बोला, काय केलं हिनं!"

वैशू हसत होती का रडत होती, मला सांगता येणार नाही. मलाच नीट दिसत नव्हतं.

तेवढ्यात बस आली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "चला पुणे, पुणे! ताई, सासरी निघालात का? लवकर चढा."

"सासरी न्हाई," भानू पुढं झाला. "कामाला चाललीय. खिडकीजवळ बसवा."

वैशू चढली. तिनं वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण मागच्या माणसानं पुढं ढकलली. कंडक्टरनं घंटी मारता मारता सहज विचारलं, "काय काम करते पोरगी?"

बस हलली. भानू खिडकीच्या बरोबरीनं चालायला लागला. "आधी हाडं बसवत्यात," तो सांगत होता, "मग कातडं. कातडं असं पायजे, की माशी बसली तर तेवढीच जागा..." म्हणजे आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराआडून यानं सगळं ऐकलं होतं तर!

बस कोपऱ्यावर वळली तरी त्याचं सांगणं चालूच होतं, आणि माझी शाल अजून त्याच्या डोक्यावरच होती.